आखडलेले पाय आणि तीन पायांची शर्यत

सोमवार, सकाळी ६.३०
पलंगावरून उतरलो तर पावलं लाकडासारखी. बोटं वळेनात. कारण उघड आहे : नवी गार फरशी. बसवतानाच मी विरोध केला होता, पण माझं ऐकतो कोण! रविवारी नातीच्या शाळेत तीन पायांची शर्यत आहे. आजी किंवा आजोबा आणि नातवंड, एकेक पाय एकत्र बांधून. तिने मला निवडलंय. शर्यतीसाठी मला आजवर कोणीही निवडलेलं नाही. फार आनंद झाला. उद्यापासून पहाटे पाचला प्रॅक्टिस.

मंगळवार, ७.१५
प्रॅक्टिस हुकली. गजर वाजला, पाय तयार नव्हते. मोजे घालून उतरलो तरी तेच, म्हणजे फरशी निर्दोष. आता संशय पंख्यावर. आमची ही मात्र पाचलाच उठलेली. भिंतीला धरून हळूहळू चालते, चहाला तास लावते. हल्ली फार आळशी झालीय.

बुधवार
पंखा बंद. पाय तसेच, वर घाम.

गुरुवार
मुलीने डॉक्टरीणबाईंकडे ढकललं. बाई म्हणाल्या, कारणं बरीच असू शकतात : झीज, टाचेचं दुखणं, युरिक ॲसिड, संधिवात. रक्त तपासू. चिठ्ठीवर लिहिलं, 'संधीवात?' छत्तीस वर्षं व्याकरण शिकवलंय, गप्प कसा बसणार? संधी एकटी असली तर दीर्घ, समासात ऱ्हस्व, हे तिथल्या तिथे समजावलं. त्यांनी निमूटपणे खोडून दुरुस्त केलं. विजय! त्या नादात चिठ्ठी तिथेच राहिली. असू दे. जिथे शुद्धलेखनाची ही गत, तिथे निदानाचा काय भरवसा?

शनिवार, दुपार
नात रिबीन दाखवून गेली. उजवा पाय माझा, विसरायचं नाही, असं बजावलंय. शर्यत आठला. खेळाडूला विश्रांती हवी, म्हणून गजर साडेसातचा.

रविवार, ११.००
दारापर्यंत पोचायलाच पावणेआठ वाजले. नात रिबीन घेऊन उभी, डोळ्यांत पाणी. मग ही चपला घालत म्हणाली, चल, मी येते.

दोघी पहिल्या आल्या.

एवढं चपळ कसं, विचारलं. म्हणाली, सहा वर्षं झाली, सकाळी माझेही पाय आखडतात. मोकळे व्हायला तास लागतो, म्हणून तर पाचला उठते. मी म्हटलं, मग मला कधी सांगितलं नाहीस? सांगितलं होतं, म्हणे, दोनदा. तुम्ही म्हणालात, 'पाय आखडले' यात क्रियापद अकर्मक आहे.

अकर्मकच आहे. पण लाज वाटली. फार. उद्या दोघांनी मिळून डॉक्टरीणबाईंकडे जायचं. आणि पहाटेचा चहा यापुढे मी करणार.

घड्याळ कपाटावर होतं. बसून बसून पाय आखडलेले, उठवेना. शेवटी पाचचा गजर हिनेच लावून दिला.