हातचं घर घालवल्याची हकिकत

तीर्थरूप मामा,

भाचीचा वाकून नमस्कार. (आमच्या खोलीत नीट वाकण्याइतकी मोकळी जागा नाही, तेव्हा अर्धीच वाकले आहे. बाकीचा नमस्कार प्रत्यक्ष भेटीत वसूल करावा.) तुमचा गुडघा कसा आहे? आई म्हणाली, जिना उतरताना अजून कटकट वाजतो. तुमच्या जावयांचं मत असं, की वाजतोय तोवर चिंता नाही, वाजायचा थांबला की बोलवा. (लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाशी लग्न केलं की हे असं. माझ्या मानेविषयीही त्यांचं एक मत आहे, ते मी या पत्रात लिहिणार नाही.) मामींचा नवा चष्मा तयार आहे. दुकानात मी स्वतः काचा बसवल्या आहेत. आता त्यांना दूरचंही दिसेल आणि जवळचंही, तेव्हा तुम्ही जपून राहा.

तुम्ही मागे फोनवर विचारलं होतंत की घराचं कुठवर आलं, आणि मी ‘बघतोय’ एवढंच म्हणाले होते. त्याचं कारण म्हणजे खाली यंत्र पिळायला लागलं होतं. आमची भाड्याची खोली लाँड्रीच्या डोक्यावर आहे, हे तुम्हाला ठाऊक आहेच. थंडीत पाय छान शेकतात, एरवी आम्ही शेकतो. ते मोठं यंत्र पिळायला लागलं की फळीवरची भांडी एकेक पाऊल कडेकडे सरकतात आणि आम्ही दोघं संध्याकाळभर त्यांना मागे ढकलत बसतो, जशी काही रांगती मुलंच. तेही चाललं असतं, पण आता लाँड्रीवाल्यांना आमच्या खोलीत इस्त्रीची टेबलं लावायची आहेत. माणूस फार सभ्य. खोली खाली करा असं तोंडाने कधी म्हणत नाहीत. फक्त आम्ही जेवत असताना वर येतात, ‘चालू द्या, चालू द्या’ म्हणतात आणि आमच्या ताटांच्या मागून भिंत मोजतात. परवा त्यांनी कुणाचा तरी कोट आमच्या पडद्याच्या दांडीला अडकवून पाहिला आणि समाधानाने मान हलवली. तो कोट अजून तिथेच आहे.

तर घर घ्यायचं ठरलं. आमच्या दोघांचे पगार एकत्र केल्यावर बँकेतल्या माणसाने जे तोंड केलं, ते मी दुकानात रोज बघते. तक्त्यावरची सगळ्यात खालची ओळ वाचता न येणाऱ्या गिऱ्हाइकाचं. तरी त्याने कर्ज किती मिळेल ते सांगितलं, आणि तेवढा आकडा घेऊन आम्ही एजंटकडे गेलो. या गृहस्थांचं नाव आम्ही ‘हाकेवाले’ ठेवलं, कारण त्यांच्या प्रत्येक घरापासून सगळंच हाकेच्या अंतरावर असायचं. शाळा हाकेच्या अंतरावर, दवाखाना हाकेच्या अंतरावर, स्टेशन तर अगदी हाकेच्या अंतरावर. तिसऱ्या की चौथ्या घरात तुमच्या जावयांनी खिडकी उघडली आणि दवाखान्याच्या दिशेने खरोखर एक हाक मारली. दवाखान्याने ओ दिली नाही. पण समोरच्या इमारतीतल्या एक आजी बाहेर आल्या आणि काय झालं, कोण गेलं, असं विचारू लागल्या. हाकेवाले त्यानंतर आठवडाभर आमचे फोन उचलत नव्हते.

मग आम्ही एका नव्या इमारतीतलं नमुन्याचं घर बघायला गेलो. मामा, त्या घरात पाऊल टाकलं आणि मला रडू यायचंच बाकी राहिलं, इतकं ते ऐसपैस. पलंग, टेबल, खुर्च्या, कपाट, सगळं मांडून वर चालायला जागा. मला वाटलं, एवढंसं कर्ज आणि एवढं मोठं घर, आपण बँकेला उगाच नावं ठेवली. तेवढ्यात तुमचे जावई पलंगावर आडवे झाले आणि गुडघ्यापासून खालचे पाय बाहेर राहिले. मग त्यांनी खुर्चीवर बसून पाहिलं, तर त्यांचे गुडघे कानाशी आले. तो सगळा सरंजाम मुद्दाम छोटा करून घेतलेला होता, खोल्या मोठ्या वाटाव्यात म्हणून. कपाटाचं दार उघडलं तर मागे भिंत. तिथल्या मुलीने फार नम्रपणे सांगितलं की हे फर्निचर वापरण्यासाठी नाही, कल्पना येण्यासाठी आहे. कल्पना आली. पण तोवर खुर्चीचा एक पाय निखळला होता, आणि तो परत बसवून आम्ही हसतमुखाने बाहेर पडलो. (खुर्ची आमच्यामागे पडल्याचा आवाज जिन्यात ऐकू आला.)

आणखी एक अडचण होती, ती घरात सांगता येत नाही म्हणून तुम्हाला सांगते. कुठल्याही इमारतीत गेलं की तुमचे जावई आधी लिफ्टच बघणार. मी वर खोल्या पाहते आहे, उजेड कुठून येतो ते पाहते आहे, आणि हे खाली लिफ्टच्या दाराला कान लावून उभे. दोन चांगली घरं त्यांनी निव्वळ दोराच्या आवाजावरून नापास केली. (त्यातलं एक तळमजल्यावर होतं.) त्यांचं म्हणणं असं की मीही काही कमी नाही, मी प्रत्येक घरात खिडकीपाशी उभी राहून समोरच्या पाट्या वाचत बसते. तर ते असो.

आता खरी हकिकत. हाकेवाल्यांनी शेवटी आमची कीव येऊन एका जुन्या इमारतीतलं घर दाखवलं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, एक लांबोडकी गॅलरी आणि दिवसभर उजेड. लिफ्ट जाळीच्या दाराची, लाकडी, आत बसायला बाक असलेली. जावई तिच्या प्रेमात पडले आणि मी खिडक्यांच्या. मालक जोडपं पंचावन्नच्या आसपासचं. ते ड्रायव्हिंग शिकवतात, त्या शिवणाचे वर्ग घेतात. मुलगी लग्न होऊन गेलेली. आणि इतक्या वर्षांच्या संसारानंतर दोघांनी ठरवलं होतं की आता घर विकायचं, पैसे वाटून घ्यायचे आणि आपापल्या वाटेने जायचं. घरभर शिवणाच्या खडूच्या खुणा होत्या. फुली म्हणजे बाईंचं, गोल म्हणजे मास्तरांचं. घड्याळावर दोन्ही होतं.

दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. जे काय बोलायचं ते आमच्यामार्फत. बाई म्हणायच्या, घर हवेशीर आहे. मास्तर माझ्याकडे बघून म्हणायचे, “त्यांना सांगा, नळ गळतो हे सांगायचं राहिलं.” मी मान वळवून सांगायचे, नळ गळतो म्हणे. (त्या हातभर अंतरावर उभ्या होत्या.) मग मास्तरांनी एकेक काढायला सुरुवात केली. गॅलरीत ओल येते, मागच्या खोलीचं दार फुगतं, वरच्या मजल्यावर तबल्याचा वर्ग आहे. मला वाटलं, काय प्रामाणिक माणूस. पुढे कळलं की त्यांना घर विकायचंच नव्हतं. पण झालं उलटंच. ते एक दोष सांगायचे आणि बाई तिथल्या तिथे किंमत थोडी उतरवायच्या. तबल्यापर्यंत येता येता घर आमच्या ऐपतीत आलं. मास्तरांनी डोक्याला हात लावला आणि आम्ही टोकन दिलं.

त्या संध्याकाळी आम्ही लाँड्रीवाल्यांना स्वतः होऊन भिंत मोजू दिली, टेपचं दुसरं टोकही धरलं.

पुढच्या आठवड्यात आम्ही सामान कुठे मावेल ते ठरवायला परत गेलो. मामा, इथेच सगळं बिघडलं. जावयांचं म्हणणं, पलंग खिडकीखाली. माझं म्हणणं, खिडकी मोकळी हवी. एवढीच गोष्ट. पण कितीतरी रविवार उन्हातान्हात जिने चढलेले होते, कोटाखाली बसून जेवलो होतो, आणि ते सगळं त्या पलंगावर येऊन पडलं. मी म्हणाले, तुम्हाला घर नकोच आहे, त्या लिफ्टमध्येच बाकावर संसार मांडा. ते म्हणाले, तुला घर घ्यायचं नाहीये, तुला जन्मभर घरं बघत फिरायचं आहे, कारण एकदा घेतलं की माझ्याबरोबर राहावं लागेल. हे त्यांनी हळू आवाजात म्हटलं, म्हणून फार लागलं. मी बाईंकडे वळले आणि म्हणाले, “त्यांना सांगा, टोकन परत घ्या.”

जावई मास्तरांकडे वळून म्हणाले, “त्यांना सांगा, घेतो.”

वरचा तबला नेमका तेव्हाच थांबला. मग बाईंना हसू फुटलं. आधी त्यांनी पदर तोंडाला लावला, पण ते काही आवरेना, आणि मास्तर बायको हसते आहे ते बघत राहिले, जसं काही घरात चुकून दुसऱ्याच कुणाचं तरी माणूस आलं आहे. हसता हसता त्यांना ठसका लागला. मास्तर आत गेले, पाणी आणलं आणि पेला थेट त्यांच्या हातात दिला, माझ्यामार्फत नाही.

मग आमची फाळणी झाली. बाई मला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या आणि मास्तर जावयांना गॅलरीत. बाईंनी चहा ठेवला आणि मला समजावू लागल्या की नवरे मूर्ख असतात पण वाईट नसतात, आणि आमचे हे तर नाकासमोर चालणारे, इतकी वर्षं पगार आणून हातात ठेवला, मुलीच्या आजारपणात रात्र रात्र तिला गाडीत घालून फिरवायचे, कारण गाडी चालू असली की तिला झोप लागायची. गॅलरी आणि स्वयंपाकघर यांच्यामधली भिंत म्हणजे नुसती फळी आहे. (हा दोष मास्तरांनी सांगितला नव्हता.) पलीकडून त्यांचा आवाज स्पष्ट येत होता. ते जावयांना सांगत होते, “शिकाऊ माणसाच्या गाडीत माझ्या पायाखाली दुसरा ब्रेक असतो. तीच सवय घरात लागली. हिने काही सुरू केलं की मी दाबला. मोठा वर्ग काढते म्हणाली, दाबला. मुलीकडे राहून येऊ म्हणाली, दाबला. मला भीती वाटायची, ही एकटी पुढे गेली तर मी कुठे उतरायचं?”

बाईंनी गॅस बंद केला. चहा उकळून पातेल्यात अर्धा राहिला होता. तो त्यांनी चार कपांत ओतला, प्रत्येकाच्या वाट्याला घोटभर आला, आणि आम्ही तो गॅलरीत उभं राहून प्यायलो. कुणी कुणाला काही सांगायला सांगितलं नाही.

खाली उतरताना जावई म्हणाले, पलंग हवा तिथे लाव. मी म्हणाले, राहू दे खिडकीखाली, मी दुसऱ्या खिडकीतून पाट्या वाचेन. लिफ्टमधल्या बाकावर आम्ही दोघं बसलो होतो आणि मला वाटत होतं, घर घ्यावं तर असंच घ्यावं.

दोन दिवसांनी बाईंचा फोन आला. घर विकायचं रद्द. त्यांचा आवाज इतका लाजलेला होता की मला रागावताही येईना. टोकन परत मिळालं, वर त्यांनी स्वतः शिवलेले उशांचे दोन अभ्रे पाठवले, आणि मास्तरांनी जावयांना गाडी शिकवायची तयारी दाखवली. आमच्याकडे गाडी नाही, आणि पलंगालाही आता जागा नाही. हाकेवाले म्हणाले, इतक्या वर्षांच्या धंद्यात त्यांनी घरापायी संसार मोडलेले पाहिले, पण गिऱ्हाइकाने मालकाचा संसार जोडून सौदा बुडवलेला पहिल्यांदाच पाहिला, आणि त्यांच्या दलालीची भरपाई कोण करणार. मी म्हटलं, मास्तरांना मागा, हाकेच्या अंतरावर आहेत.

मी मात्र एका रात्रीपुरती खूप रडले, हे तुम्हालाच सांगते. जावयांनी अभ्रे उशांना घातले आणि म्हणाले, हे तरी आपलं झालं. आता घराचं काय ते होईल तेव्हा होईल. आम्ही बरे आहोत आणि एकमेकांशी थेट बोलतो आहोत. मोठ्यांना नमस्कार, छोट्यांना कान पिळून प्रेम. वेळ मिळेल तेव्हा दोन ओळी लिहा, अक्षर बघून गुडघ्याचा अंदाज येईल.

तुमची
बेघर पण सुखी भाची

ता. क. आईकडून एक गोष्ट कळली, ती विचारू की नको असं करत सगळं पत्र लिहून झालं. तुम्ही आणि मामी म्हणे गेला महिनाभर बोलत नाही आहात आणि घर विकायची भाषा निघाली आहे. मामा, तुमचं मागचं अंगण मोकळं, दोन्ही खोल्यांना पूर्वेची खिडकी, आणि लिफ्ट मुळातच नाही, म्हणजे तोही प्रश्न मिटला. आपल्या माणसाला आधी विचारायचं असतं. तुम्ही हाकेवाल्याकडे जाण्याआधी आमचं कर्ज किती मंजूर झालं आहे ते एकदा ऐकून घ्या.

ता. क. दुसरा. वरचा ता. क. जावयांनी वाचला आणि म्हणाले, काही लाज आहे की नाही, तो खोडून टाक. मी म्हटलं, शाईने लिहिलं आहे. ते म्हणाले, मग निदान असं लिही की आम्हाला फार वाईट वाटलं. तर आम्हाला फार वाईट वाटलं. तुमच्या घराची किंमत काय धरली आहे?

ता. क. तिसरा. हे पत्र टाकायला निघाले होते, ती परत आले. मामींनाही असंच एक पत्र टाकलं आहे, त्यात फक्त गुडघ्याच्या जागी चष्मा आहे. रविवारी सकाळी आम्ही दोघं घर बघायला येतो आहोत. मामा, तुम्ही दोघंही घरी थांबा आणि आम्हाला प्रत्येक खोली एकत्र दाखवा, घर घेणाऱ्याचा तेवढा हक्क असतो. पलंग कुठे ठेवायचा यावरून आम्ही तिथे भांडणार आहोत, त्याची तयारी आजपासून सुरू केली आहे. मग एक तर आम्हाला घर मिळेल, नाहीतर दुपारी जेवायला तरी थांबवाल.