डाग म्हटलेला ठिपका

७ जुलै २०२५, सटाणा
लघुग्रह शोधमोहिमेच्या ऑफिसचा मेल आला. सात वर्षांपूर्वी आमच्या शाळेच्या टीमने फोटोंत शोधलेल्या लघुग्रहाला कायमचा क्रमांक मिळाला. आता टीमने नाव सुचवायचं. हेडसरांनी पेढे वाटले. "भदाणे सर, शाळेचं नाव काढलंत." पेढा तसाच खिशात ठेवला.

८ जुलै
इथे तरी खरं लिहितो. तो ठिपका मला दिसलाच नव्हता. सृष्टीला दिसला — दहावी ब, नामपूरहून एसटीने यायची. दुर्बिणीचे चार फोटो एकामागून एक लावले की तारे जागेवर राहतात, लघुग्रह सरकतो. तिने बोट ठेवून दाखवला. मी म्हणालो, "कॅमेऱ्याचा डाग आहे. पुढचे बघ." दुसऱ्या दिवशी एकट्याने पाहिलं. सरकत होता! मोहिमेला पाठवलेल्या रिपोर्टवर फक्त माझं नाव टाकलं.

१० जुलै
मोजमापं वाचली. मंगळ आणि गुरूच्या मधल्या पट्ट्यात आहे. रुंदी जेमतेम तीन किलोमीटर. सहा तासांत स्वतःभोवती फिरतो. कोळशासारखा काळा, पडलेल्या उजेडातला शंभरातले पाच भाग परत पाठवतो.

११ जुलै
सत्कार पुढच्या रविवारी.

१३ जुलै
नामपूरला गेलो. सृष्टी आता मेडिकलच्या दुकानात कामाला आहे. तिच्या घरी, आईसमोरच सगळं सांगितलं. तिने विचारलं, "इतका काळा हाय, मग दिसला कसा?"
"थोडा उजेड पुरतो," मी म्हणालो.
"दहावीनंतर मी आर्ट्स घेतलं, सर. म्हटलं, आपल्याला डाग अन् ग्रह यातला फरक कळत नाय."
तिची आई यशोदाबाई अहिराणीत म्हणाल्या, "मन्ही पोर हुशारच शे."
निघताना सृष्टीने विचारलं, "तुम्ही रिपोर्ट कोणत्या तारखेला पाठवला?"
"सहा ऑक्टोबर," मी म्हणालो.

१४ जुलै
हेडसरांना सांगितलं. "बॅनर छापून झालाय हो," म्हणाले. मोहिमेच्या ऑफिसला मेल केला — शोध सृष्टी अहिरेचा आहे, माझं नाव काढा.

१७ जुलै
उत्तर आलं. बदल करायची गरज नाही. शोध पहिल्यापासून सृष्टीच्याच नावावर आहे. तिने पाच ऑक्टोबरलाच रिपोर्ट पाठवला होता — मी डाग म्हटलं त्याच दुपारी, आमच्याच लॅबमधून. तिच्या नावाची पोच शाळेच्या मेलवर आली होती. सात वर्षांत मी ती उघडलीच नव्हती.