शांतीबरोबर आलेला कोंबडा

१२ ऑक्टोबर, रविवार
वरठीला गेलो कुत्री पाहायला, परत आलो कुत्री आणि कोंबडा घेऊन. आजच लिहून टाकतो, उद्या मलाच खरं वाटणार नाही.

आमची पोरगी प्रिया वैशाखात लग्न होऊन सिहोऱ्याला गेली. तेव्हापासून सौ. माझ्या शिलाई मशिनीशी बोलते. माझ्याशी नाही, मशिनीशी. म्हणून मीच म्हटलं, एखादं कुत्रं आणू. वरठीच्या रेखाताई रस्त्यावरची जखमी कुत्री घरी आणतात, बरी करतात, मग चांगलं घर पाहून देतात. गेलो तर आधी चहा, मग मुलाखत. दिवसभर घरी कोण असतं? साखळीनं बांधाल का? गावाला गेलात तर कोण पाहील? प्रियाचं लग्न जुळवताना आमच्या इवायानंसुद्धा इतकं विचारलं नव्हतं.

कुत्री तांबडी, मागचा एक पाय ओढत चालते. रेल्वे फाटकाजवळ गाडीनं उडवलं होतं. नाव शांती, कारण त्या दिवसापासून एकदाही भुंकलेली नाही. डॉक्टर म्हणतात घसा चांगला आहे, मनच होत नसेल. आली, सौ.च्या पदराचा वास घेतला, तिच्या पायावर डोकं ठेवून झोपून गेली. सौ.नं माझ्याकडे पाहिलंच नाही. विचारायचं काही उरलंच नव्हतं.

मग रेखाताई म्हणाल्या, "एक अडचण हाय भाऊ. हा बी तिच्यासंगंच जाईन."

हा म्हणजे कोंबडा. पिल्लू असताना कोणीतरी ताईंच्या फाटकात सोडून गेलं, ते शांतीच्या पोटाशी वाढलं. एकदा दोघांना वेगळं ठेवून पाहिलं तर शांतीनं अन्न सोडलं. देशी, तांबडा-काळा, तुरा लालभडक, छाती काढून चालतो. नाव ठाणेदार.

"आन् त्याले कापाचं नाई. मंडई झाली का मी पाहाले येईन. दोघंबी दिसले तं शांती तुमची. ठाणेदार नाई दिसला तं शांतीले मी वापस आनीन."

मी छातीवर हात ठेवून हो म्हटलं. वरठीत खुर्चीवर बसून आमच्या करडी गावची मंडई, दिवाळीनंतरची ती जत्रा, घरोघरी पाहुणे आणि घरोघरी कोंबड्याचा रस्सा, आठवत नाही माणसाला.

येताना मोटारसायकलवर मध्ये शांती, मागे सौ., आणि हँडलला ब्लाउजपिसांच्या पिशवीतून मुंडकं बाहेर काढून ठाणेदार. ज्याला त्याला हसायला विषय.

१३ ऑक्टोबर, सोमवार
शांतीनं जागा निवडली. मशिनीखाली, बरोबर पायडलवर. दिवाळीचे ब्लाउज तुंबलेत, बाया डोक्यावर बसल्यात. सौ.ला म्हटलं, उठव तिला. "झोपली हाय ते. हातानं फिरवा ना चाक." हातानं फिरवलं. खांदा गेला.

सपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, जो येतो तो कुत्रीकडे पाहतसुद्धा नाही. कोंबड्याला वरपासून खालपर्यंत पाहतो आणि विचारतो, "कधी?" शेजारची कौसाबाई तर उचलून वजन करून गेली.

१६ ऑक्टोबर, गुरुवार
शांती अजून भुंकली नाही. सौ.नं हे मनावर घेतलंय. आज सकाळी सपरीत तिच्यासमोर बसून स्वतःच भुंकून दाखवलं. दोनदा. शांतीनं शेपटी हलवली, बस. समोरच्या घरचं कुत्रं मात्र बराच वेळ उत्तर देत होतं. सौ. म्हणाली, "येईन तिले. प्रियाबी उशिराच बोलली होती."

प्रियाला दोघांचा फोटो पाठवला. ठाणेदार फोटोत फारच रुबाबदार आलाय.

१९ ऑक्टोबर, रविवार
तोच फोटो अंगाशी आला.

इवायांचा फोन. म्हणजे प्रियाचे सासरे. मोठा खुशीत आवाज. "मंडईले आम्ही सारेच येऊन राहिलो. जवायाची पयली मंडई हाय, येनाच पडते. आन् बायलर-फायलर करू नका बरं. प्रियानं फोटो दाखवला. काय कोंबडा हाय जी! तोच पायजे."

मी "हो हो, या ना, या" म्हणत राहिलो. दुसरं काय म्हणणार? नवी सोयरीक. जावयाची पहिली मंडई. पाहुण्यानं तोंडानं मागितलेला कोंबडा अंगणात हिंडतोय आणि आम्ही तो कापत नाही, असं कोणत्या तोंडानं सांगू? सिहोऱ्यात आमचं नाक कापलं जाईल आणि ऐकून घ्यायला तिथे प्रिया आहे. आणि कापला तर शांती वरठीला परत.

सौ.ला सांगितलं. तिनं भाजी चिरता चिरता ऐकलं. "कापा. मंग शांतीसंगं मीबी वरठीले जातो. रेखाताई नाई म्हननार नाईत मले."

२० ऑक्टोबर, सोमवार
दुसरा देशी शोधायला निघालो. तसाच तांबडा-काळा मिळाला तर इवायांना काय कळणार आहे? पण या दिवसांत गावोगावी मंडई. कोंबडे दसऱ्यापासूनच बोलून ठेवलेले. एका ठिकाणी एक दिसला, पांढरा. त्यालाही मालकाची बहीण येणार होती. मोकळ्या हातानं परत. ठाणेदार फाटकात उभा, मला पाहून आरवला. त्याला कसली म्हणून फिकीर नाही.

२२ ऑक्टोबर, बुधवार. पाडवा, आमचं गायगोधन
काल आणि आज फटाके. शांती मशिनीखाली, अंग थरथर कापतंय. ठाणेदार तिच्यासमोर पंख फुलवून उभा. प्रत्येक आवाजाला मान वर, पण हलला नाही जागचा. सौ. पण शेवटी मशिनीखाली जाऊन बसली. गाई आल्या, गोधन झालं, ढोल वाजले, आमच्या घरचं कोणी पाहायला गेलं नाही. मी तिघांना चहा नेऊन दिला. म्हणजे एकीलाच, पण नेला मशिनीखाली.

खरं सांगायचं तर मला त्या कोंबड्याचा अभिमान वाटला. आणि शांती या घरातून गेली तर मला चालणार नाही. सौ.चं निमित्त. मलाच चालणार नाही.

२५ ऑक्टोबर, शनिवार
तोड निघाली. सौ.चीच. मंडईच्या दिवशी ठाणेदार कौसाबाईच्या गुरांच्या कोठ्यात टोपल्याखाली राहील. पाहुण्यांना सांगायचं, मुंगसानं नेला. मुंगसाला कोण विचारायला जातो? ताटात तलावाचे मरळ, भरपूर. मासेवाल्याला सांगून आलो. कौसाबाई तयार झाली, एक ब्लाउज शिवून देण्याच्या बोलीवर. बाही फुग्याची पाहिजे म्हणते, या वयात.

प्रियाला काही सांगितलं नाही. तिच्या पोटात काही राहत नाही, आईवर गेली आहे. (सौ. हे वाचणार नाही अशी आशा.)

२७ ऑक्टोबर, सोमवार. मंडई
ठाणेदार कोठ्यात. मरळ आले. शांती सकाळपासून घरभर वास घेत फिरतेय, भाताला तोंड लावलं नाही. पाहुणे स्टँडवर उतरले असा फोन. देवा, आजचा दिवस

२८ ऑक्टोबर, मंगळवार
काल लिहायला सवड नव्हती, आणि तोंडही नव्हतं. आता सगळं क्रमानं.

इवाई आले, पाय धुतले, बसले, आणि पाण्याचा तांब्या खाली ठेवायच्या आधी म्हणाले, "कुठं हाय तो?"

मी सुस्कारा सोडला. चांगला जमला. "काय सांगू इवाई, परवाच मुंगसानं नेला."

सौ.नं पदर डोळ्यांना लावला. इतकं ठरलं नव्हतं. प्रिया बिचारी खरंच रडवेली झाली. इवाईच उलटे आमची समजूत काढायला लागले, "जाऊ द्या जी, जिवाहून मोठं काय हाय?" जावई म्हणाले मरळच बरे, त्यांना आवडतात. जेवणं उत्तम झाली. माझा जीव भांड्यात पडला. सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटत सपरीत बसलो, समोर मंडईचा लाऊडस्पीकर, सगळं निभावलं असं वाटलं.

तेवढ्यात शांती उठली. फाटक उघडं होतं. पाय ओढत ओढत रस्त्यावर. जिलेबीची दुकानं, पाळणे, गर्दी, तिला कशाचं भान नाही. या कुत्रीनं आल्यापासून एकटीनं अंगण सोडलं नव्हतं. तिच्यामागे सौ., सौ.च्या मागे मी, आणि माझ्यामागे "काय झालं, काय झालं" करत इवाई, जावई, प्रिया. वरात निघाली नुसती.

शांती कौसाबाईच्या कोठ्यासमोर थांबली. नाक वर केलं. आणि भुंकली.

एकदाच, आणि आवाज वर्षभर तेल न घातलेल्या मशिनीसारखा. स्वतःच दचकली. मग परत भुंकली. मग भुंकतच राहिली. आणि आतून टोपल्याखालून ठाणेदारानं खणखणीत बांग दिली.

सौ. सगळं विसरली. "अजी, भुकली! माई शांती भुकली!" रस्त्यातच बसून तिला कवटाळलं. मी टाळ्या वाजवत होतो. खोटं कशाला लिहू, डोळ्यांत पाणी होतं. मग मान वळवली तर बाजूला इवाई.

ते तडक कोठ्यात गेले, टोपलं उचललं. ठाणेदार बाहेर आला, पिसं झाडली, छाती काढून चालत शांतीजवळ जाऊन उभा राहिला.

"मुंगूस लय दयाळू दिसते जी तुमच्या गावचं," इवाई म्हणाले.

कौसाबाई दारातूनच, "मी तं ब्लाउजसाठी ठेवला होता बाप्पा!"

मग सांगितलं सगळं. रेखाताईंची अट, शांतीचं अन्न सोडणं, फोटो, मुंगूस. भर रस्त्यात, वर मंडईतल्या तमाशाची ढोलकी चालू. इवाई खर्रा चघळत ऐकत होते. मग मला म्हणाले, "पोरगी देतानी तुमच्या डोळ्यात पानी नाई आलं, इवाई. म्या पाह्यलं होतं. आन् कोंबड्यासाठी आलं?"

सौ. खाली बसल्या बसल्याच म्हणाली, "पोरीले सुखात देली होती जी. याले तं तुमी खानार होते."

आधी जावई हसले. मग प्रिया. पोट धरून. इवाई नाही हसले. एवढंच विचारलं, "मरळ उरले हायेत का?"

उरले होते. संध्याकाळी परत जेवले, मंडईच्या नाटकाला गेले. आज सकाळी निघताना शांतीला भाकरीचा तुकडा टाकला, आणि ठाणेदाराकडे बराच वेळ पाहत उभे राहिले. कोणत्या नजरेनं, ते मला कळलं नाही. सौ. म्हणते तिलाही नाही.

३० ऑक्टोबर, गुरुवार
शांती आता सगळ्यांवर भुंकते. दूधवाला, कौसाबाई, वाळत घातलेलं धोतर. दुपारची झोप गेली. सौ. फार खुश. मशिनीशी बोलायचं विसरली आहे. कौसाबाईचा ब्लाउज शिवला, फुग्याच्या बाह्यांचा. बरी दिसते त्यात, हे मान्य.

प्रियाचा फोन नाही आला दोन दिवस. जरा धाकधूक.

२ नोव्हेंबर, रविवार
रेखाताई आल्या. फाटकाला हात लावला तशी शांती भुंकत धावली. ताई जागच्या जागी थांबल्या. "हे ते शांती?" म्हणाल्या आणि फाटक धरून रडायलाच लागल्या. मग शांतीनं ओळखलं आणि अंगावरच गेली. चहा करेपर्यंत दोघी जमिनीवर. ठाणेदार मशिनीवर बसून पाहत होता. अर्ध्या शिवलेल्या कुडत्यावर घाण करून ठेवली, ते नंतर दिसलं.

मंडईची गोष्ट सांगितली. ताई हसून हसून बेजार. निघताना सौ.चा हात हातात घेतला, "आता तुमचीच हाय वं माय. मी आली तं पाव्हनी म्हनून येईन." सौ.नं डब्यात सकाळीच आणलेले मरळ भरून दिले. शांती आमची झाली.

संध्याकाळी प्रियाचा फोन. इवायांनी सिहोऱ्यात मुंगसाची गोष्ट घरोघरी सांगितली म्हणे, आणि दर वेळी मुंगूस थोडं मोठं होतं. मागून आवाज आला, "दे इकडं." फोन त्यांच्या हातात.

"कुत्री भुकते का आता?"

"हो जी, दिवसभर."

"आयकू द्या."

शांतीसमोर फोन धरला. दिवसभर तोंड बंद न करणारी ही बया, आता गप्प. सौ. पुढे झाली, तिनं भुंकून दाखवलं. तरी नाही. शेवटी ठाणेदारच आरवला, फोनच्या तोंडाशी.

तिकडून खाकरल्याचा आवाज.

"होळीले येतो," इवाई म्हणाले.

"या ना. या."

"ठाणेदाराले दानापानी चांगलं देत जा." फोन बंद.

सौ.ला विचारलं, याचा अर्थ काय घ्यायचा? माया की तयारी? ती म्हणाली, "देत जा म्हनते तं देऊ. होळीपर्यंत असा निबर होऊन जाईन का शिजता शिजनार नाई." आणि मूठभर कणी टाकली त्याच्यासमोर.

मी मात्र विचारात आहे. होळीला अजून वेळ आहे. तोपर्यंत शांतीला एवढंच शिकवायचंय, पाहुणे घरात असले की गप्प बसायचं.