एक हजार सहाशे बारा पुस्तकं आणि एक अर्ज

४ सप्टेंबर, संध्याकाळ

माझ्या बायकोची, जेसम्माची नोकरी पक्की. आयर्लंड, कॉर्क शहर, सरकारी हॉस्पिटल. फोन आला तेव्हा ती ड्यूटीवरून येऊन कप्पाचे कंद सोलत होती. सुरी खाली ठेवली आणि रडली. मीही भारावलो. लगेच पुस्तकांच्या खोलीत जाऊन मोजायला बसलो.

ती पुढच्या महिन्यात जाणार. मी आणि आमची लेक टेस्सा डिसेंबरात मागोमाग, कुटुंबाच्या व्हिसावर. अर्ज ऑनलाइन आहे, बावीस पानी. किरकोळ काम. रविवारी बसून उरकतो.

६ सप्टेंबर, रविवार

मोजणी पूर्ण. १६१२.

ठराव: एकही पुस्तक मागे राहणार नाही. यात भावनेचा भाग नाही, शुद्ध व्यवहार आहे. चौकशी केली. तिकडे मल्याळम पुस्तक मिळत नाही. इथून मागवलं तर दोनशे चाळीसच्या कादंबरीला टपाल अठराशे. म्हणजे सगळी पुस्तकं बरोबर नेली की नुसत्या टपालाचे एकोणतीस लाख वाचतात! जेसम्माला आकडा सांगितला. ती म्हणाली, अच्चाया, एकोणतीस लाख वाचलेच आहेत तर त्यातले हजार काढा आणि गॅसचा सिलिंडर आणा.

बायकांना दूरचं दिसत नाही. अर्ज पुढच्या रविवारी.

१३ सप्टेंबर

छाटणी. तीन ढीग केले: नेणे, देणे, विचार करणे. दिवसभराच्या निष्ठुरपणानंतर ‘देणे’मध्ये तीन पुस्तकं पडली. जुनं दहावीचं गाइड, एका कादंबरीची दुसरी प्रत आणि ससेपालन. चहानंतर तिन्ही परत घेतली. आयर्लंडमध्ये ससे भरपूर असतात म्हणे.

टेस्सा (वय वर्षे दहा) तक्रार घेऊन आली. मम्मी म्हणते बाहुल्या तीनच न्यायच्या. मी तिला जवळ बसवून समजावलं की मोठं व्हायचं तर मोह सोडता आला पाहिजे. ती खोलीकडे बघत राहिली. पटलं असावं.

२१ सप्टेंबर

नवी योजना, आणि जवळजवळ फुकट. आमच्या पाला गावातून विमानात चढणाऱ्या प्रत्येकाच्या बॅगेत दुसऱ्या कुणाच्या तरी घरची पुडी असतेच. कुणाच्या लेकीला लोणचं, कुणाच्या जावयाला केळ्याचे वेफर्स. मग माझी दोन पुस्तकं का नकोत? १६१२ भागिले दोन म्हणजे ८०६ माणसं. आमच्या तालुक्यातून तेवढी सहज जातात.

सुरुवात शेजारच्या एलिचेडत्तीपासून केली, तिचा धाकटा मुलगा शुक्रवारी डब्लिनला निघालाय. ती म्हणाली, वर्क्कीसर, पोराच्या बॅगेत चार किलो बीफ, दोन किलो लोणचं आणि वर माझा जीव घालून पाठवायचाय. तुमचा कागद तिथे कोण खाणार? शिवाय जाता जाता विचारलं, तुमचं स्वतःचं कधी निघायचं?

म्हटलं, अर्ज होतच आलाय.

उरले ८०५.

२ ऑक्टोबर

जेसम्माच्या बॅगांचं वजन झालं. इथे सगळे पापच्चनच्या रबराच्या दुकानातच बॅगा तोलतात. घरच्या काट्यावर कुणी विश्वास ठेवत नाही, आणि पापच्चन परदेशी जाणाऱ्याकडून पैसे घेत नाही. मोठी बॅग तीस किलो, हातातली सात. आमची जेसम्मा कामात चोख. पोचताक्षणी लागणारं सगळं भरलं होतं.

मग ती अच्चनचा, म्हणजे फादरचा, आशीर्वाद घ्यायला चर्चमध्ये गेली आणि बॅगा तासभर माझ्या ताब्यात आल्या. कुकर काढला. तवा काढला. जाड बूट आणि लोकरीचा कोट काढला. हे सगळं तिकडे विकत मिळतं, पुस्तकं मिळत नाहीत. नऊ किलोची जागा झाली. पुन्हा तोललं. बरोबर तीस!

पापच्चन सगळं बघत होता. म्हणाला, सर, रबराच्या गठ्ठ्यात दगड बांधून आणणारे मी पाहिलेत. बायकोच्या बॅगेत बांधणारे तुम्ही पहिले.

अडाणी माणूस. पण हसला नाही, हे मात्र चमत्कारिक वाटलं.

६ ऑक्टोबर

जेसम्मा पोचली. तिकडे नऊ डिग्री आणि पाऊस. फोनवर एवढंच विचारलं, माझे बूट कुठे आहेत? म्हटलं, काळजी करू नकोस, इथे सुखरूप आहेत.

ती ‘हं’ म्हणाली. समजूतदार बाई.

१९ ऑक्टोबर

जेसम्माने पैसे पाठवले. दोन तिकिटं, व्हिसाची फी, वरखर्च. पहिल्या पगारावर उचल घेतली आणि थोडे मैत्रिणीकडून घेतले म्हणे.

योगायोग बघा, आजच कोचीच्या जहाजवाल्या एजंटचा फोन. कॉर्ककडे जाणाऱ्या कंटेनरमध्ये शेवटची जागा शिल्लक आहे, दहा नोव्हेंबरला निघतो. एक्केचाळीस खोकी. भाव विचारला तर हातात आलेल्या रकमेपेक्षा जेमतेम दोनशे रुपयांनी कमी. याला संकेत नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं? पैसे तात्पुरते तिकडे वळवले. जानेवारीत माझी भिशी लागते, तेव्हा भरपाई.

आता फीच नाही तर अर्ज भरून उपयोग काय? तेव्हा तो विषय सध्या मिटला.

२५ ऑक्टोबर

मेहुणा जोसकुट्टी आला होता. म्हणाला, अळिया, कॉर्कमध्ये माझ्या ओळखीचं वृद्धाश्रमाचं किचन आहे, माणूस हवाय त्यांना. सुरुवातीला भांडी, मग बघू. तिकडे सगळे नवरे असंच सुरू करतात, लाजायचं काय त्यात?

म्हटलं, लाजतोय कोण. बावीस वर्षं मी ट्युटोरियल कॉलेजात मल्याळम शिकवलं. या गावात कुत्रंसुद्धा मला सर म्हणतं. हे त्याला सांगितलं नाही. दिवसभर डोकं दुखलं. हवाबदल.

१० नोव्हेंबर

खोकी गेली! एक्केचाळीस. प्रत्येकावर माझं नाव आणि एजंटने लावायला सांगितलेली चिठ्ठी: ‘मालक स्वतः राहायला येत आहे.’ ट्रक वळणाआड जाईपर्यंत फाटकात उभा होतो.

खोलीत परत आलो आणि खोकलो, तर खोकला भिंतीवर आपटून परत आला. घराला अशी सवय नाही. रेडिओ लावून ठेवला.

टेस्साची शाळेची पुस्तकं चुकून तेविसाव्या खोक्यात गेली. ती रडली नाही. मामाला फोन लावायचाय म्हणाली.

१७ नोव्हेंबर

जोसकुट्टी आणि सासूबाई येऊन टेस्साला घेऊन गेले. त्यांच्याकडून शाळा जवळ पडते. तिचा पासपोर्ट, जन्माचा दाखला, बाप्तिस्म्याचा दाखला, सगळं फाइलला लावून नेलं. दोन-तीन सह्या हव्या होत्या, शाळेच्याच असणार. मी कागद वाचल्याशिवाय कधीच सही करत नाही, पण तेव्हा एजंटसाठी पुस्तकांची यादी करत होतो, आणि ‘क’ अक्षरात होतो. मध्ये सोडता येत नाही.

जेसम्माचं शिवणयंत्रही नेलं. बहुधा दुरुस्तीला.

सासूबाई निघताना दारात थांबल्या. वर्क्की, जेवत जा वेळेवर, म्हणाल्या. कधी एवढी माया दाखवत नाहीत.

२९ नोव्हेंबर

जेसम्माचा फोन. अर्ज भरला? म्हटलं, जवळजवळ. ती म्हणाली, अच्चाया, मी चौदा तास उभी राहून आलेय. हो की नाही, एवढंच सांगा. मी म्हटलं, जेसम्मा, आयुष्यातल्या सगळ्याच गोष्टी अशा ‘हो की नाही’मध्ये बसत नाहीत.

ती ‘हं’ म्हणाली. मागच्यापेक्षा लहान. तिकडे नेटवर्क खराब आहे.

भिंतीतल्या कपाटात फोटोंचे अल्बम नाहीत. टेस्साचे लहानपणापासूनचे सगळे. आमच्या लग्नाचा फोटो तेवढा ठेवलाय. जेसम्माने माझ्यासाठी मुद्दाम मागे ठेवायला सांगितला असणार. हळवी आहे ती.

२४ डिसेंबर

एकट्यानेच तारा टांगला. बल्ब लागला नाही. केक सासरहून आला, माणूस मात्र कुणी आलं नाही.

संध्याकाळी जोसकुट्टीचा फोन. टेस्साचा व्हिसा आला. मी चकित! म्हटलं, माझा अर्ज गेल्याशिवाय तिचा कसा गेला? तो म्हणाला, अळिया, तिचा वेगळा भरला. आईच्या नावावर. बापाची संमती लागते, ती तुम्ही नोव्हेंबरात दिलीत की.

म्हणजे त्या सह्या. असो. अर्धं काम परस्पर झालं, हे बरंच. केक खाल्ला.

४ जानेवारी, नेडुंबाश्शेरी विमानतळ

टेस्सा गेली. जेसम्माच्या बॅचची एक नर्स निघाली होती, तिच्यासोबत. ट्रॉलीवर बॅग चढवताना तिने इकडेतिकडे पाहिलं. पप्पा, तुमची बॅग कुठेय? म्हटलं, माझं सगळं सामान जहाजाने पुढे गेलंय, बेटा. ती म्हणाली, आणि तुम्ही?

म्हटलं, मी मागोमाग.

ती म्हणाली, मम्मीने सांगितलंय, पप्पांना तारीख विचारायची नाही. मग मला घट्ट मिठी मारली आणि आत गेली. काचेतून हात हलवेल म्हणून थांबलो. काचेवर ऊन होतं, आतलं काही दिसलं नाही. दिसलं असतं तरी फरक नाही, माझं जाणं डिसेंबरचं आता मार्चवर गेलं, एवढंच.

जोसकुट्टी परतीच्या वाटेवर गायला नाही. तो एरवी गाडी चालवताना गातो.

१५ जानेवारी

भिशी लागली. पैसे हातात. आता अर्जाला कसलीही अडचण उरलेली नाही.

म्हणूनच घाई करायची नाही. आधी फोटो. चष्म्यावर चकाकी नको म्हणतात. चष्म्याशिवाय मी चोरासारखा दिसतो. स्टुडिओवाल्याला म्हटलं, थोडी दाढी वाढू दे.

२२ जानेवारी

दिवसभर जहाज पाहिलं. कॉम्प्युटरवर एक लहानसा ठिपका निळ्या पाण्यातून सरकतो. जेवताना, चहा पिताना, सारखा तोच. पापच्चन म्हणाला, सर, माणसं गेली तेव्हा एवढं पाहिलं नव्हतंत. त्याच्याकडे जाणं बंद केलं.

जेसम्माचा फोन नाही, सोळा दिवस. टेस्साचा रविवारी येतो, चार मिनिटं. ती मध्येच इंग्रजीत उत्तर देते आणि सॉरी म्हणते. मी म्हणतो, पुस्तकं आली की मल्याळम सुधारेल. ती म्हणते, हो पप्पा. इतक्या नम्रपणे पूर्वी बोलायची नाही.

आणि घरात काहीतरी आहे. दुपारी रिकाम्या फळ्या कुरकुरतात. वजन गेल्यामुळे लाकूड सुटतं, असं सुतार म्हणाला. मी पुढच्या खोलीत झोपायला लागलोय.

९ फेब्रुवारी, सकाळ

खोकी पोचली! एक्केचाळीसच्या एक्केचाळीस!

तिकडच्या गोदामाचा मेल आलाय. सोबत जेसम्माने भरून दिलेल्या फॉर्मची प्रत. शांतपणे चहा करून मग वाचतो.

९ फेब्रुवारी, दुपार

फॉर्ममध्ये तीनच प्रश्न. मालाचा मालक कोण? तिथे माझं नाव, नीट, आडनावासकट. मालक देशात कधी पोचणार? त्यापुढे तिचं मोठं, सुटं अक्षर, पेशंटच्या कागदावर लिहिते तसं: येणार नाहीत. मालाचं काय करावं? तुम्हाला सोयीचं असेल ते.

फोन लावला. टेस्साने उचलला. मम्मी ड्यूटीवर. मी विचारलं, मम्मी रागावलीय का माझ्यावर? ती म्हणाली, नाही पप्पा. रागावली होती तेव्हा तुमच्यासाठी कपाटाचा एक कप्पा रिकामा ठेवला होता तिने. आता तिथे माझे स्वेटर आहेत.

मग ती म्हणाली, पप्पा, मला शाळेला उशीर होतोय.

९ फेब्रुवारी, पाच वाजता

पाच महिने या वहीत अर्ज होतच आलाय असं लिहितोय. आज पहिल्यांदा उघडला. आजवर उघडलासुद्धा नव्हता.

पुस्तकांची अडचण कधीच नव्हती. मला भीती वाटत होती. भांडी घासण्याची नाही. मी भांडी घासताना टेस्सा बघेल, आणि तिला त्याचं काही वाटणार नाही, याची.

पहिलं पान भरून झालं. दहा मिनिटं लागली. दुसऱ्या पानावर म्हणतात, तिकडे राहणाऱ्या जोडीदाराचं पत्र जोडा, की ही व्यक्ती माझ्याकडे राहायला येत आहे आणि मला ती हवी आहे.

ते पत्र जेसम्माने लिहायचं असतं. तिला तसा मेसेज लिहिला. अजून पाठवला नाही.