तांदळाच्या डब्यातला मोबाइल

५ जुलै

पुन्हा तोच खेळ! चहा गार झाला तरी सुहासची मान मोबाइलमधून वर येईना. तोंडावर मी ‘अहो’ म्हणते, पण वहीत नवऱ्याचं नाव घ्यायला कुणाची भीती?

खेळात याची शेती आहे. पिवळाधमक गहू, गुबगुबीत गायी, चिखलाचं नाव नाही. बोट लावलं की पेरणी, बोट लावलं की कापणी. आणि इकडे आमचं भाताचं रोप वीस दिवसांचं झालं. वेळेत लावलं नाही तर फुटवे धरणार नाही.

यंदा सहा घरांची सावड आहे. आज सगळ्यांनी मिळून याची लावणी करायची, उद्या त्याची. आमची पाळी नऊ तारखेला. आज आणि उद्या अंबाजीभाऊंची. तिकडे जायला सुहासला भाकरी बांधून दिली आणि मी लोणावळ्याला बंगल्याच्या कामावर गेले.

६ जुलै

संध्याकाळी सुहास आला तर पायाला चिखलाचा ठिपका नाही. ओढ्यात धुतले म्हणाला. बरं.

९ जुलै

कामावर सुट्टी घेतली. पहाटे उठून तीस भाकरी थापल्या, वाटाण्याची उसळ केली, सुकट भाजली. आठ वाजले, नऊ वाजले. बांधावर मी आणि सासूबाई. कुणीच नाही!

अंबाजीभाऊंच्या घरी गेले. त्यांची बायको अनिता दारातच म्हणाली, “तुमच्याकडनं दोनी दिस कोण आलं न्हाई. आमी म्हटलं, ह्यांना सावड नको आसंल.”

मेल्याहून मेल्यासारखं झालं. परत आले तर सुहास आमच्या पडक्या गोठ्यात मोबाइल घेऊन बसलेला. ते दोन्ही दिवसही इथेच बसला होता! विचारलं तर नाही म्हणाला नाही. मी आणि सासूबाईंनी दिवसभरात जेमतेम एक कोपरा लावला. भाकरी तशाच राहिल्या.

१० जुलै

भांडले. मोबाइल हिसकावून तांदळाच्या डब्यात खोल पुरला. त्याने अडवलं नाही. मग बोलला — “सावडीत वाकलं की अंबाजी इचारतो, तुझं रोप का धरंना? समदे हसत्यात. खेळात कोण इचारत न्हाई.”

लग्नाला नऊ वर्षं झाली. बायका मला विचारतात, त्याची सवय झाली. त्यालाही विचारतात हे मला माहीतच नव्हतं. फार राग आला. अंबाजीभाऊंचा, त्याचा, माझासुद्धा.

११ जुलै

अंबाजीभाऊंना चांगलं सुनावायचं ठरवून गेले, आणि माफी मागून आले. शाब्बास सुषमा!

रोप थांबणार नाही म्हणून आधी आमचंच लावू म्हणाले. मात्र त्यांचं वरचं खाचर सतरा तारखेला लावायचं. चुकलेल्या दोन दिवसांपायी तेव्हा आम्ही दोघांनी यायचं. मी शब्द दिला.

“दोघातलं एक जरी न्हाई आलं, तर सावडीतनं तुमचं नाव काडीन,” म्हणाले. ते खरंच काढतील. मग पुढच्या वर्षी आमच्या खाचरात कोण उतरणार?

१३ जुलै

लावणी झाली! सगळी घरं आली. सुहासही ओळीत वाकला. अंबाजीभाऊंनी थट्टा केलीच. सुहासने मान खाली घातली आणि लावत राहिला. त्याची इतकी माया आली की रडूच फुटलं. पाऊस होता म्हणून निभावलं.

१४ जुलै

भातासाठी तांदूळ काढताना मोबाइल हाताला लागला. चार्ज केला. असं काय सोनं आहे त्या शेतात, बघू म्हणून खेळ उघडला.

छोटं कौलारू घर. दारात एक मुलगी उभी, दोन वेण्या घातलेली. तिच्या डोक्यावर इंग्रजीत नाव — तेजल.

लग्नाच्या पहिल्या वर्षी, एसटीत, मी एकदाच म्हणाले होते, मुलगी झाली तर तेजल ठेवू. पुन्हा कधी ते नाव काढलं नाही. मला वाटलं होतं, तो केव्हाच विसरला.

मोबाइल परत तांदळात ठेवला. त्याला काय विचारू?

१५ जुलै

पाचच मिनिटं. तिला पिवळा फ्रॉक घेतला.

१६ जुलै

सुहास मोबाइलचं नाव काढत नाही. सकाळीच खाचरावर जातो, बांध बघतो. सासूबाई खूश आहेत.

तेजल आठ वाजता उठते आणि दारात येऊन हात हलवते. तेवढं बघून निघाले, कामावर उशीर झाला. गाडी चुकली म्हणून सांगितलं.

१७ जुलै

आज अंबाजीभाऊंचं वरचं खाचर. सुहास दोन वेळा बोलवायला आला, मग एकटाच गेला. पोट दुखतंय, असं मी त्याला सांगितलं.

तेजल अजून उठायची होती.