बाईसाहेबांचं घड्याळ

१२ सप्टेंबर, सोमवार

मालक आज ठाणासमोर उभे राहून ट्रेनरना म्हणाले, "ही शेवटची संधी. पहिल्या तिघांत आली नाही, तर विकून टाकू." बाईसाहेब तिथंच उभ्या, कान टवकारून! माझ्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही. घोडी सांभाळणाऱ्या मोतद्दाराला काय विचारायचं?

कागदावर तिचं भलंमोठं नाव आहे. पण जन्मली तेव्हा ओलीचिंब माझ्याच मांडीवर पडली. तेव्हापासून दाणा-चंदी, पाणी, खरारा – सगळं माझ्या हातचं. नखरे असे की बाईसाहेब हे नाव मीच ठेवलं. आता सात वर्षांची झाली. म्हणजे शर्यतीच्या घोडीच्या मानानं पोक्तच.

शर्यत समुद्रापलीकडे. तिकडे सूर्य आपल्या सहा तास आधी उगवतो. गेल्या साली आमचा लाल्या तिकडे गेला आणि झोपेत असल्यासारखा पळाला. शेवटचा आला. मग विकलाच त्याला. कुठे गेला ते कुणी सांगत नाही.

बाईसाहेबांचं तसं मी होऊ देणार नाही. बस्स.

१४ सप्टेंबर, बुधवार

डॉक्टरीणबाई नाल बघायला आल्या होत्या. त्यांना लाल्याचं विचारलं. म्हणाल्या, घोड्याचं शरीर उजेडावर चालतं. डोळ्यांना पहाट दिसली की आत सगळं सुरू. तेव्हा तिकडची पहाट इथंच दाखवायला लागा, रोज थोडी थोडी अलीकडे. चंदीची वेळही तशीच सरकवा. आणि घोडीबरोबर तुम्हीही सरका, नाहीतर तिकडे तिला कोण सांभाळणार?

ट्रेनरना सांगितलं तर ते खो खो हसले. घोडीच्या पायात घड्याळ बांधणार का, असं विचारलं. मी हटले नाही. शेवटी म्हणाले, "कर काय करायचं ते. पण हरली तर माझ्या नावानं खडे फोडू नकोस."

नाही फोडणार. जिंकल्यावर मात्र तुमच्याकडून पेढे घेईन, असं म्हणणार होते. गिळलं.

१६ सप्टेंबर, शुक्रवार

आमचे हे वायरमन. घरच्या मोरीतला दिवा महिनाभर गेलाय, त्याला हात लागत नाही. पण घोडीचं काम म्हटल्यावर एका दुपारीत ठाणात चार लखलखीत दिवे! आपोआप लागतात, आपोआप विझतात. खिडक्यांना जाड कापड मी शिवलं, म्हणजे संध्याकाळ लवकर होते.

बाईसाहेबांनी पहिल्यांदा दिवे लागले तेव्हा माझ्याकडे असं बघितलं, की मीच वेडी.

२१ सप्टेंबर, बुधवार

सरकतेय!! पहाट होण्याआधी दिवे लागतात आणि ही चंदीसाठी दारावर टाप आपटते. पोट खोटं बोलत नाही.

२५ सप्टेंबर, रविवार

माझं मात्र हसं झालंय. दुपारी चारला रात्रीचं जेवण. सहाला अंथरुणात. शेजारीण यांना हळूच विचारून गेली – वहिनी आजारी आहेत का? हे म्हणाले, "छे, ती परदेशात गेलीय, अंगानं तेवढी इथं आहे."

चहा सकाळचा एकच. दुपारचा बंद. जीव जातो माझा चहावाचून, पण घेतला तर संध्याकाळी डोळा लागत नाही. यांनी माझ्यादेखत सावकाश फुरके मारत प्यायला. लक्षात ठेवीन.

१ ऑक्टोबर, शनिवार – विमानात

मालाचं विमान. बाईसाहेब लाकडी खोक्यात, मी बाजूला घडीच्या खुर्चीवर. ट्रेनर गेले मऊ खुर्चीच्या विमानानं.

वैरण भिजवून दिली, दोर सैल ठेवला. मान खाली घालता आली पाहिजे, नाहीतर धूळ छातीत बसते. दर थोड्या वेळानं बादली तोंडाशी. स्वतःही पाणी पितेय. हातावर चिमूटभर मीठ ठेवलं की ती पाण्याला नाही म्हणत नाही.

विमान हादरलं तेव्हा तिचे डोळे पांढरे झाले. कपाळाला कपाळ लावून उभी राहिले. काय काय बोलले देव जाणे, शांत झाली. खरं तर मीही झाले.

तिकडची रात्र सुरू झाल्यावर माल सांभाळणाऱ्या माणसाला सांगून दिवे बंद करायला लावले. तिच्या पायाची जादा पट्टी माझ्या डोळ्यांवर बांधून झोपले. पलीकडच्या खोक्यातल्या काळ्या घोड्याचा मोतद्दार कॉफीवर कॉफी ढोसत बसला होता. जिंकणार म्हणून ज्याच्या नावाची हवा आहे तोच हा काळा. ढोस बाबा.

२ ऑक्टोबर, रविवार

पोचलो. सकाळी उतरलो आणि बाईसाहेबांनी खोक्यातून पाय खाली ठेवताच जोरात फुंकर मारली. ताप नाही. चंदी चाटूनपुसून साफ!

काळा मान खाली घालून उभा. त्याचा मोतद्दार गवताच्या गंजीला टेकून घोरतोय.

४ ऑक्टोबर, मंगळवार

आज हसून हसून पोट दुखलं. उजाडायच्या किती तरी आधी तबेल्यात कोण? ट्रेनर! सपाता घालून, डोळे टक्क उघडे. विमानात सिनेमे बघितले, उतरल्यावर पडदे ओढून दिवसभर झोपले, आणि आता रात्री झोप नाही, दिवसा शुद्ध नाही. काल तर मालकांशी बोलता बोलता पेंगले म्हणे.

एरवी मी तोंडसुख घेतलं असतं. पण चेहरा बघवेना. म्हटलं, सर, उजाडलं की चला आमच्याबरोबर. एका हाताला घोडी, एका हाताला ट्रेनर, अशी उन्हातून चालवली दोघांना. दुपारी फक्त एक डुलकी, तीही मी दाराशी उभी राहून मोडली. रात्री वेळेवर जेवण, खोलीत अंधार.

जोरात पळवायचं अजून नाव नाही. नुसतं चालणं.

७ ऑक्टोबर, शुक्रवार

बाईसाहेब आज पळाल्या. जॉकी उतरला आणि तिची मान थोपटत राहिला. ट्रेनरही सलग झोपून उठले आहेत. मला म्हणाले, पुढच्या वेळी विमानाआधी मलाही त्या दिव्यांखाली ठेव.

शेवटी काढलेच शब्द तोंडातून!

९ ऑक्टोबर, रविवार

जिंकली!!!

पहिली! तिघांत नाही, पहिली! वळणावर सातव्या नंबरावर होती, मी डोळेच मिटले. मग उघडले. बाहेरच्या बाजूनं नुसती धूळ येत होती आणि धुळीपुढे माझी पोरगी. काळा पार मागे, कुठे राहिला ते बघायलाही सवड नव्हती. मी कठड्यावर चढले होते म्हणे. मला आठवत नाही. घसा बसलाय.

यांना फोन केला तर रडूच कोसळलं. हे म्हणाले, "रडतेस म्हणजे जिंकली." हो. हो. हो.

उष्टावलेली बादली तशीच पडलीय. पडू दे. आता तिला कोण विकतंय!

१० ऑक्टोबर, सोमवार

विकली.

इथल्याच एका बाईंनी घेतली, शर्यत बघून. मी मालकांना म्हटलं, तुम्ही तर हरली तर विकू म्हणाला होतात. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "जिंकली तर ठेवीन, असं मी कधी म्हटलं होतं?"

नव्हतं म्हटलं.

संध्याकाळी खरारा केला. रोजच्यासारखा, पायापर्यंत. ट्रेनर दाराशी आले, पगडी उतरवावी तशी टोपी काढून उभे राहिले, आणि गेले. बाईसाहेब गवत खात होत्या. त्यांना काय माहीत.

१४ ऑक्टोबर, शुक्रवार – घरी

रिकामा दोर घेऊन आले. येताना एकही नियम पाळला नाही. पाणी नाही, पट्टी नाही, खिडकीतून बघत बसले.

१७ ऑक्टोबर, सोमवार

दुपार कलली की डोळे मिटतात. आणि सगळं जग झोपलेलं असताना जाग येते – तिच्या चंदीची वेळ. उठून तबेल्यात जाते, रिकाम्या ठाणात आपोआप दिवे लागतात. ते बंद करायचे राहिलेत.

ट्रेनरनी एक शिंगरू दाखवलं. म्हणाले, हे तुझ्याच हाताखाली. चांगलं आहे बिचारं. मी त्याच्याकडे नीट बघितलंसुद्धा नाही.

१९ ऑक्टोबर, बुधवार

यांनी आज मला फैलावर घेतलं. घोडीला सहा तास पुढे नेलंस, आता स्वतःला मागे आणता येत नाही? दुपारी पडायचं नाही म्हणजे नाही. ऊन उतरेपर्यंत मला रस्त्यानं फिरवलं. मी पेंगले की कोपराला धरून पुढे. अगदी ट्रेनरसारखी गत झाली माझी. पहाटे उठून दिवे बघायला जायचं नाही, हाही हुकूम. दिव्यांच्या तारा स्वतः जाऊन काढून आले.

माझंच औषध मला! चिडले आणि चालले.

२३ ऑक्टोबर, रविवार

झोपले!! सलग! उठले तर खिडकीत ऊन आणि पोटात भूक, इथल्या वेळेची. डोकं लख्ख. दुपारी शिंगराला पहिल्यांदा हात लावला. कान खाजवून घेतले त्यानं. मी हरणाऱ्यांतली नाही, हेच खरं.

मोरीतला दिवाही लागला.

२४ ऑक्टोबर, सोमवार

नव्या मालकीणबाईंचा फोन. बाईसाहेबांनी दोन मोतद्दारांना चावलंय, तिसरा जवळ जायला तयार नाही. घर देते, या, म्हणाल्या. पाहुणी म्हणून नाही, कायमच्या.

यांना सांगितलं. यांनी हातातली तार गुंडाळून बाजूला ठेवली. मग विचारलं, "तिकडे वायरमन लागतो का, ते विचारलंस?"