लिसनाबोत नळ कसा आला

गॉलवे
४ फेब्रुवारी १९९१

तीर्थरूप अट्रॅक्टा आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पार्सल पोचलं. सोडा ब्रेड माझ्या वाट्याला अर्धाच आला. उरलेला खोलीतल्या दोघींनी मी आंघोळीला गेले तेवढ्यात संपवला. मोजे मात्र माझे एकटीचे आहेत आणि इथल्या थंडीत ते पायांतून निघत नाहीत.

प्रबंध पुढे सरकतोय. नळावर पदवी मिळते हे आधी कळलं असतं तर मीही घेतली असती, असं तू मागे म्हणालीस. हसून घे. पण खेड्यांतल्या स्वयंपाकघरांत नळ कसे आले हा साधा प्रश्न नाही. नळ आला की कर वाढणार म्हणून किती शेतकरी विरोधात उभे होते! पाणी भरायचं बायकांनी आणि ठरवायचं पुरुषांनी, हे राजकारण नाही तर काय?

आता मुद्द्याचं. जुनी वर्तमानपत्रं चाळताना आपल्या लिसनाबोचं नाव दिसलं. मार्च १९६१ मध्ये हॉलात सभा झाली आणि नळयोजना नको असा ठराव झाला. ठराव मांडणारा मॅथ्यू ब्रेहनी. म्हणजे आपले मॅटीकाका! पण पंपघराच्या पाटीवर योजनेचे पहिले अध्यक्ष म्हणून त्यांचंच नाव आहे, आणि साल तेच. मधल्या काळात काय झालं? वर्तमानपत्रात पुढे अवाक्षर नाही. डेक्लनदादाला फोन केला तर म्हणाला, पाणी बाबांनी आणलं, त्यात विचारायचं काय. कौन्सिलच्या निवडणुकीच्या गडबडीत आहे तो. तूच सांग.

गुडघ्याला जप. लोभ आहेच, उत्तर लवकर आलं तर दुप्पट होईल.

तुझी भाची,
फिडेल्मा


लिसनाबो, स्लायगो
१३ फेब्रुवारी

चि. फिडेल्मा हिस आत्याचे अनेक आशीर्वाद.

काकांचं नाव छापलेलं शोधून काढलंस, शाब्बास. तेही शोधायला तुला सरकारकडून पैसे मिळतात म्हणे. आता न छापलेलं ऐक.

सभा रविवारी होती. घराचा कर भरणाऱ्यालाच हात वर करायचा हक्क. म्हणजे सगळे पुरुष आणि एकटी विनी टार्पी, कारण तिचा नवरा वारलेला. बाकी आम्ही मागच्या भिंतीशी किटल्या घेऊन उभ्या. मॅटीनं ठराव मांडला, विरोधात फक्त विनीचा हात. मग मॅटीनं वळून मला चहा दे अशी खूण केली. मला आठवा महिना होता, बये. त्या चहाचं पाणीसुद्धा सकाळी मीच विहिरीवरून वाहून आणलं होतं.

घरी येताना वाटेत आम्हा बायकांचं बोलणं झालं. फार नाही झालं, फार लागलंच नाही.

सोमवार धुण्याचा दिवस. मी दोन्ही बादल्या दाराबाहेर पालथ्या घातल्या आणि आत विणत बसले. मॅटी गाई पिळून आला, चहा मागितला. मी म्हटलं, पाणी नाही. का नाही म्हणाला. मी सांगितलं की घरात पाणी आणायचं नाही असा काल ठराव झालाय, तूच मांडलास. तो हसला. संध्याकाळपर्यंत हसू गेलं, कारण गल्लीतल्या प्रत्येक दाराबाहेर बादल्या पालथ्या होत्या.

मग पुरुष निघाले विहिरीला. आणि विहीर कुठे? विनीच्या शेतात, तिच्या अंगणातून वाट. ती दाराच्या खालच्या अर्ध्या फळीवर कोपरं टेकून उभी राहायची आणि जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाला अगदी मायेनं विचारायची की कंबर कशी आहे. बटाटे धुवायला पाणी, वासरांच्या आंबोणाला पाणी, दाढीला पाणी. मधेच फादर समजूत काढायला आले. विनीनं त्यांना खुर्ची दिली, केक दिला, आणि चहा देता येत नाही म्हणून माफी मागितली. फादर तिथून उठले ते थेट मॅटीकडे गेले.

आठवडा उलटला. एके दिवशी मॅटी बादल्या घेऊन आत आला, खाली ठेवल्या आणि स्टुलावर बसला. माझ्या पोटाकडे बघत राहिला. मग हळूच विचारलं की तू हे असं केव्हापासून वाहतेस. मी म्हटलं, लग्न झाल्यापासून. पुढच्या रविवारी दुसरी सभा त्यानंच बोलावली.

तो वाईट नव्हता गं. भरल्या बादल्या घेऊन ती वाट कधी चालला नव्हता, एवढंच. पाटीवर त्याचं नाव आलं कारण कागदावर सही करायला घराचा मालक लागायचा. मला पाणी हवं होतं, पाटी नको होती.

जेवत जा. खोलीतल्या मुलींना सांग, पुढचा ब्रेड मोजून पाठवीन.

तुझी आत्या


गॉलवे
२२ मार्च

तीर्थरूप आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र माझ्या मार्गदर्शक बाईंना, डॉ. मॅकइनर्नींना, वाचून दाखवलं. फादरच्या चहापाशी त्यांनी हसता हसता चष्मा काढून डोळे पुसले. प्रबंधाचा कणा हाच, म्हणाल्या. पण एकाच माणसाची आठवण परीक्षकांना पुरणार नाही, दुसरी साक्ष हवी.

म्हणून गेल्या शनिवारी विनीबाईंकडे वृद्धाश्रमात गेले. माझं नाव तीनदा विसरल्या, पण विहिरीचा विषय काढला तशा ताठ बसल्या. तुझ्याशी तंतोतंत जुळतं सगळं. वर एक नवं कळलं. मॅटीकाका बादल्या घेऊन पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी अंगणाच्या फाटकापाशी टोपी काढून येऊ का असं विचारलं. दुसऱ्या कोणी विचारलं नव्हतं. त्याचं मन वळणार हे मला तेव्हाच कळलं, असं त्या म्हणाल्या.

इथवर सगळं छान होतं. मग मंगळवारी डेक्लनदादा आला, न कळवता, थेट विद्यापीठात. त्याच्या प्रचारपत्रकावर पंपघराचा फोटो आहे आणि खाली ‘ज्यांनी लिसनाबोला पाणी दिलं त्यांचा मुलगा’ असं छापलंय. मी काय लिहितेय ते विनीबाईंच्या भाच्याकडून त्याला कळलं होतं. तो म्हणाला की बाबा आता उत्तर द्यायला नाहीत, आणि मी त्यांच्याच घरी सुट्ट्या काढून त्यांचं हसं करायला निघालेय. आवाज एवढा चढला की ग्रंथालयातली माणसं वळून बघायला लागली. जाताना म्हणाला, आईला यात ओढू नकोस.

आत्या, मला मॅटीकाका आवडायचे. मला पोहायला त्यांनीच शिकवलं. त्यांच्या मागे तुम्हा मायलेकांत दुरावा आणणारी मी नको. प्रकरण गाळते, किंवा गावाचं नि माणसांचं नाव बदलून ‘एका शेतकऱ्याची बायको’ असं लिहिते. तू सांगशील तसं.

पत्र थोडं रडकं झालंय, पण लोभात काही कमी नाही.

फिडेल्मा


लिसनाबो
२ एप्रिल

चि. फिडेल्मा हिस अनेक आशीर्वाद आणि एक धपाटा.

‘एका शेतकऱ्याची बायको’? आजवर दुसरं काय लिहिलं गेलंय आमच्याबद्दल? तेच लिहायचं तर इतकी वर्षं शिकलीस कशाला? माझं नाव अट्रॅक्टा ब्रेहनी. विनीचं विनिफ्रेड टार्पी. बाकीच्यांची नावं मागच्या पानावर लिहून देते, त्यातल्या हयात असलेल्यांना मी स्वतः विचारून आलेय. नाही कोणीच म्हटलं नाही. बर्नी स्कॅनलनच्या आईनं फक्त स्वतःचं वय घालू नकोस असं सांगितलंय.

मॅटीशी संसार मी केला. त्याचं हसं कशानं होतं आणि कशानं नाही, ते मला तुम्हा दोघांपेक्षा जास्त कळतं. टोपी काढल्याचं मात्र मला ठाऊक नव्हतं. ते अवश्य लिही.

डेक्लनचं माझ्यावर सोड. तू लिहायला बस.

आशीर्वाद आहेतच, ते कामाला लाव.

आत्या


लिसनाबो
१७ जून

चि. फिडेल्मा हिस अनेक आशीर्वाद.

दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून लिहितेय.

डेक्लनला मी एप्रिलातच बसवून सगळं सांगितलं होतं. ऐकून घेतलं, आणि निवडणूक होईपर्यंत थांब म्हणाला. मी म्हटलं, मी थांबते, पण तू खोटं बोलू नकोस. शुक्रवारी हॉलात त्याची सभा होती. रस्त्यांवर बोलला, दुधाच्या भावावर बोलला, छान बोलतो गं तो. मग टाळ्या पडायला लागल्या तसा चेव आला, आणि म्हणाला की बाबांनी या गावात पाणी आणलं आणि इथल्या बायका त्यांना अजून दुवा देतात.

मी उभी राहिले. गुडघा कटकन वाजला, तोही लोकांनी ऐकला असेल.

“डेक्लन, तुझ्या बापानं पाणी आणलं हे खरं आहे. विहिरीवरून आणलं, दोन बादल्यांतून, आठवडाभर. मग त्याला नळ हवासा वाटला.”

मग मागच्या भिंतीशी बर्नीची आई हसली, आणि हॉलभर हसू पसरलं. म्हातारा टॉमी केव्हनी उठून म्हणाला की त्याचे खांदे अजून दुखतात. मग मी सगळं सांगितलं, विनीच्या केकसकट. डेक्लन कानापर्यंत लाल. पण सभा सोडून गेला नाही, आणि मला थांबवलं नाही. एवढं लक्षात ठेव त्याच्याबद्दल.

मला घरी त्यानंच सोडलं. चार रस्त्यांपाशी त्यानं विचारलं की तेव्हा मी कुठे होतो. मी म्हटलं, पोटात होतास, तूही त्या संपातच होतास. मग म्हणाला, बाबा मला याबद्दल कधीच बोलले नाहीत. मी म्हटलं, माझ्याशीही नाही बोलला. पण नळ आल्यापासून मॅटी जाईपर्यंत सकाळची पहिली किटली रोज त्यानं भरली. मला कधी हात लावू दिला नाही.

डेक्लननं गाडी कडेला घेतली. मग त्यानं नाक शिंकरलं, आणि कौन्सिलची जागा अजून हातात आहे की गेली असं मला विचारलं. मला काय माहीत?

आत्या


लिसनाबो
९ जुलै

प्रिय फिडेल्मा,
स. न. वि. वि.

निकाल तू ऐकला असशीलच. शेवटच्या फेरीत, शेवटच्या जागेवर, पण निवडून आलो. मतमोजणीत लिसनाबोच्या पेट्या उघडल्या तेव्हा आमच्याच माणसांचा विश्वास बसेना. आई म्हणते, ही मतं मला नाहीत, तिला आहेत, आणि मी ती फक्त वापरायला घेतलीत.

गॉलवेत मी तुझ्यावर ओरडलो, ते चुकलं. ग्रंथालयातल्या बाईंनाही माझ्यातर्फे सांग. बाबांचं नाव पूर्ण लिही, मॅथ्यू जोसेफ ब्रेहनी. टोपीचं तेवढं आईनं मला सभेनंतर सांगितलं. ते मला आधी माहीत असतं तर सभेत तेच बोललो असतो.

काम सुरू झालंय. काल सकाळी कौन्सिलर म्हणून माझ्याकडे पहिली मंडळी आली. गावातल्या पाच बायका, बर्नीची आई सगळ्यांच्या पुढे. त्यांना स्लायगोच्या इस्पितळापर्यंत बस हवी आहे. पण हे मला नंतर कळलं. त्या दारात दिसल्या तेव्हाच मी हो म्हणून बसलो होतो.

प्रबंध छापून आला की एक प्रत पाठव. राग उरला असेल तर तोही पाठव, लोभ मात्र तिथे ठेवू नकोस.

तुझा,
डेक्लन